शिष्यत्वाचे मोल कोणी द्यावे?



धर्मांतराला मोल द्यावे लागते, हे आपणांस कोणी निराळे शिकवावयास नको. ज्या कुटुंबांनी घरातील जुने देव विसर्जन केले, गावकीची हीन कामे सोडली आणि त्यापायी गावाचा रोष पत्करला, त्यांना ते अनुभवाने ठाऊक आहे. परंतु मनुष्यस्वभाव असा आहे की, स्वतःच्या सोसण्याचा हिशेब त्याला तोंडपाठ असतो आणि शेजाऱ्याच्या सोसण्याची त्याला वार्ताही नसते. याच महाराष्ट्रात १९५६ च्या शंभर वर्षे आधी काही माणसे ख्रिस्ताचे शिष्य झाली. त्यांत ब्राह्मण होते, पारशी होते, कासार होते, तसेच महार-मांगही होते. त्यांनी काय गमावले आणि ते त्यांच्यापासून कोणी हिरावून घेतले, हे आपण जाणून घेतले पाहिजे. ख्रिस्ती धर्म खरा की खोटा, हा वाद येथे घालावयाचा नाही. प्रश्न एवढाच आहे : मनुष्याने आपल्या विवेकबुद्धीला स्मरून एखाद्या गुरूचे शिष्यत्व पत्करले, तर त्याचे मोल कोणी द्यावे आणि ते वसूल करण्याचा अधिकार कोणाला आहे?

ख्रिस्ताने आपल्या शिष्यांपासून हे मोल लपवून ठेवले नव्हते. लूकच्या शुभवर्तमानात त्याचा एक दृष्टांत आहे. बुरूज बांधू इच्छिणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. तसे न केल्यास पाया घालून काम अडते आणि पाहणारे हसतात. आईबाप, बायकामुले आणि स्वतःचा जीव यांच्याहून गुरूला जो वरचढ मानणार नाही आणि आपला क्रूस उचलून मागे येणार नाही, त्याने शिष्य होऊ नये, अशी त्याची कठोर अट होती. या अटीतील एक शब्द नीट ध्यानात ठेवावा. क्रूस आपला उचलावयाचा आहे. तो पत्नीच्या खांद्यावर द्यावा असे तेथे म्हटलेले नाही; किंवा समाजाने व सरकारने तो घडवून शिष्याच्या पाठीवर लादावा, असेही म्हटलेले नाही. आमच्या सर्व विचाराचा आधार हा एक शब्द आहे.

प्रथम घरातील मोलाचा विचार करू. नारायण वामन टिळक हे चित्पावन ब्राह्मण, मराठीतील नामवंत कवी. नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. तो वाचून व मनाशी पुष्कळ झगडून १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. जात गेली, नातेवाईक तुटले, उपहास व निंदा पदरी आली. हे सारे त्यांनी जाणूनबुजून पत्करले होते. त्यांच्या धैर्याला कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी काय पत्करले होते? काहीच नाही. ज्या घरी बाजारातून आणलेले मीठही सोवळ्यापायी धुऊन घेत, अशा कर्मठ बापाच्या घरी त्या वाढलेल्या. नवऱ्याने धर्म सोडला आणि पदरी लहान मुलगा घेऊन त्यांना नातलगांच्या आधाराने दिवस काढावे लागले. पती जिवंत असून घर नाही, कुंकू कपाळी असून संसार नाही, अशा स्थितीत सुमारे पाच वर्षे गेली. त्यानंतर त्या पतीकडे आल्या, तेव्हाही त्यांनी काही काळ आपले अन्नपाणी वेगळेच ठेवले. टिळकांनी त्यासाठी त्यांना घराबाहेर काढले नाही. पुढे नगर-राहुरीकडील मुक्कामात, माणसामाणसांतील जातिभेद देवाने केलेला नाही, या निष्कर्षाला त्या स्वतःच्या विचाराने आल्या व कोणाच्याही हातचे खाण्यास सिद्ध झाल्या. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही सर्व हकीकत त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात विलक्षण प्रांजळपणे लिहिली असून त्याचा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या घरी वाचणाऱ्या मुली आहेत, त्यांनी तो ग्रंथ अवश्य आणावा.

या हकीकतीतून दोन गोष्टी निघतात. टिळकांनी जे मोल दिले ते त्यांचे स्वतःचे होते. लक्ष्मीबाईंनी जे दिले ते त्यांच्याकडून न विचारता घेतले गेले. पहिल्याला त्याग म्हणावे. दुसऱ्याला तो शब्द लावून त्याचे पोवाडे गाणे, हे त्या स्त्रीच्या दुःखाची चोरी केल्यासारखे आहे. दुसरी गोष्ट अशी की, लक्ष्मीबाई अखेर ज्या वाटेने गेल्या, ती वाट त्यांनी आपल्या पायांनी चालून गाठली. टिळकांनी बळजबरी केली असती, तर त्यांना अनुयायी स्त्री मिळाली असती, सोबतीण मिळाली नसती. कोणत्याही धर्माच्या पुरुषाने हे ध्यानात ठेवावे. घरातील कर्ता पुरुष दीक्षा घेतो आणि बायको मागून ओढली जाते, ही रीत केवळ एका धर्माची नव्हे.

आता जातीने वसूल केलेले मोल पाहा. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा मिशनऱ्यांकडे राहत होता. बापाने न्यायालयात दाद मागितली आणि अल्पवयीन मुलाचा ताबा बापास मिळाला. येथे प्रकरण मिटावयास हवे होते. परंतु मिशनऱ्यांच्या घरी जेवलेला हा मुलगा जातीत घ्यावा की घेऊ नये, यावरून ब्राह्मणांत दोन तट पडले. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे, असा पक्ष 'दर्पण'कर्ते बाळशास्त्री जांभेकर यांनी घेतला, तेव्हा त्यांनाही सनातन्यांचा रोष सोसावा लागला. बाप्तिस्मा न घेतलेल्या एका पोराने परक्याच्या घरचे चार घास खाल्ले, एवढाच काय तो गुन्हा! जो गेला त्याला दार बंद. जो परत आला त्यालाही दार बंद. आणि दार उघडा म्हणणाऱ्यावर डोळे वटारलेले. जात ही अशी सावकारीण आहे की, तिचे देणे कधी फिटत नाही.

पंडिता रमाबाईंची कथा याहून बोधप्रद आहे, कारण त्यांना दोन्ही बाजूंनी मोल द्यावे लागले. पतीच्या निधनानंतर इंग्लंडमध्ये शिकावयास गेल्या असता २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. ज्या पुण्या-मुंबईने त्यांच्या संस्कृत पांडित्याचा गौरव केला होता, तिथेच त्यांच्यावर टीकेची झोड उठली. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले व पुढे ते पुण्यास नेले. सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात, असा गवगवा १८९३ मध्ये झाला. न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळाचा त्याग केला आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. मोल येथे कोणी दिले? रमाबाईंनी दिले हे खरे. परंतु ज्या बालविधवा शिक्षण अर्धवट टाकून पुन्हा माजघराच्या अंधारात गेल्या, त्यांनी अधिक दिले.

दुसरी बाजू चर्चची. इंग्लंडमध्ये असतानाच रमाबाई आपल्या धर्मगुरूंना प्रश्न विचारू लागल्या. एखादे तत्त्व बुद्धीला पटल्यावाचून ते केवळ वडीलधाऱ्यांच्या आज्ञेवरून मानण्यास त्यांनी नकार दिला. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, अशी हरकत बिशपांनी घेतली, तीही त्यांनी मुकाट्याने मान्य केली नाही. मोठ्या प्रयासाने एका पुरोहितवर्गाचे जोखड मानेवरून उतरविले ते दुसऱ्या पुरोहितांचे चढवून घेण्यासाठी नव्हे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी वाँटेजच्या आपल्या गुरुभगिनीला १८८५ मध्ये दिले. त्यांनी गुरू पत्करला होता, दलाल पत्करला नव्हता. शिष्यत्वाच्या नावाखाली बुद्धी गहाण ठेवण्याचे मोल जेव्हा मागितले जाते, तेव्हा ते नाकारणे हाही खऱ्या शिष्याचा धर्म आहे.

ही सर्व नावे ग्रंथांत आली, कारण ती शिकलेल्या, उच्च मानलेल्या जातींतील माणसांची होती. परंतु महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा फार मोठा भाग ज्या महार-मांगांच्या धर्मांतरातून उभा राहिला, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली? ब्राह्मण शिष्याची प्रतिष्ठा गेली, वारसा गेला, पंगत गेली. ज्याच्याजवळ प्रतिष्ठा नव्हती, वारसा नव्हता आणि पंगतही नव्हती, त्याच्यापासून काय घ्यावयाचे? गावाने त्याची भाकरी घेतली. बलुते गावकीच्या कामाशी बांधलेले आणि गावकीचे काम देवाधर्माशी बांधलेले. देवाचे काम सोडले तर बलुते बंद, बलुते बंद म्हणजे चूल बंद. म्हणून यांतील अनेकांना मिशनच्या आश्रयाने वस्ती करावी लागली. वर ज्यांचा उल्लेख आला, त्या नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव अशाच कुटुंबांसाठी वसविले.

बरे, या माणसांना चर्चमध्ये तरी समता मिळाली काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांतील ख्रिस्ती धर्मप्रसार आणि धर्मांतरितांची स्थिती यांवर स्वतंत्र लेखन केले आहे. जात चर्चच्या उंबरठ्याबाहेर थांबलेली नाही आणि ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढण्यास पुढे आलेला नाही, असे स्पष्ट बोल त्यांनी लावले. ते कटू होते, पण खोटे नव्हते. दक्षिणेत काही ठिकाणी जुन्या चर्चांमध्ये बसण्याच्या जागा वेगळ्या होत्या आणि दफनभूमीतही भिंत उभी राहिली. ज्याने मृत्यूवर विजय मिळविला असे हे लोक मानतात, त्याच्याच अनुयायांचे मुडदे जातीजातीने पुरले गेले! भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलित ख्रिस्ती लोकांविषयीचे आपले धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये जातिभेद आहे हे मान्य केले. दोष मान्य होण्यास इतका काळ लागला, हे त्या दोषाच्या खोलीचे माप आहे.

आता कायद्याकडे वळू, कारण आमचा मुख्य मुद्दा तेथे आहे. ब्रिटिश अमदानीत १८५० च्या एकविसाव्या कायद्याने असे ठरले की, धर्म सोडला किंवा जात गेली म्हणून कोणाची मालमत्ता अगर वारसाहक्क जाणार नाही. त्यावर कलकत्ता व मद्रास येथील सनातन्यांनी मोठा गहजब केला. पण तत्त्व प्रस्थापित झाले. स्वतंत्र भारताच्या संविधानाने पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येकास सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य दिले. असे असूनही शिष्यत्वावरील कर पूर्णपणे उठलेला नाही.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे जोडीदाराने अन्य धर्म स्वीकारला, हे घटस्फोटाचे कारण होऊ शकते. १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्याप्रमाणे जो हिंदू राहिला नाही, तो आपल्या अल्पवयीन अपत्याचा नैसर्गिक पालक म्हणून वागू शकत नाही. त्याच वर्षीच्या वारसा कायद्याप्रमाणे धर्मांतरानंतर झालेली मुले आपल्या हिंदू आप्तांच्या वारशाला अपात्र ठरतात. या कायद्यांत बौद्ध, जैन व शीख यांची गणना हिंदूंमध्येच केलेली असल्याने बौद्ध झालेल्या मनुष्यास ही झळ लागत नाही. ती लागते ख्रिस्ती किंवा मुसलमान होणाऱ्यास. शिवाय काही राज्यांत धर्म बदलण्यापूर्वी जिल्हा दंडाधिकाऱ्यास कळविण्याचे बंधन आहे; उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्याने त्यासाठी साठ दिवसांची मुदत घातली. अंतःकरणात जे घडते, त्याची वर्दी कचेरीत द्यावयाची!

आणि सर्वांत मोठे मोल अनुसूचित जातींच्या हक्कांचे आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला. १९५६ मध्येच नागपूरला दीक्षा घेतलेल्या आपल्या वाडवडिलांना मात्र हा हक्क नाकारला गेला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याच्या कक्षेतील सवलती मिळाल्या, पण केंद्राचे दार उघडण्यास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे! या काळात आपल्याला काय ऐकविले गेले, ते आठवा. "बौद्ध धर्मात जात नाही, मग तुम्हांला सवलत कशाची?" त्यावर आपण उत्तर दिले की, आम्ही जात सोडली, पण गावाने आमची जात सोडलेली नाही. ते उत्तर खरे होते, म्हणून ते अखेर मान्य झाले.

मग हेच उत्तर दलित ख्रिस्ती मनुष्य देतो, तेव्हा ते खोटे कसे ठरते? मद्रास शहरात रस्त्याच्या कडेला बसून जोडे शिवणाऱ्या चर्मकारांना सरकारने फुकट टपऱ्या दिल्या. त्यांच्यातीलच एकाला ती मिळाली नाही, कारण तो ख्रिस्ती होता. तोच रस्ता, तेच काम, तीच जात. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची मागणी अमान्य केली. नव्या समाजातही पूर्वीइतक्याच तीव्र अडचणी भोगाव्या लागतात, हे पुराव्याने दाखविले गेले नाही, असे कारण दिले. २००७ मध्ये न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने हा दर्जा धर्मापासून वेगळा करावा, अशी शिफारस केली. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. दरम्यान २०२५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, ख्रिस्ती झालेल्या मनुष्यास अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आधार घेता येणार नाही. अनेक राज्यांत अशा लोकांना इतर मागासवर्गात जागा आहे, हे खरे. परंतु त्या जागेबरोबर या कायद्याचे कवच मिळत नाही. जातीवरून मारणारा हात, ज्याला मारावयाचे त्याचा धर्म विचारीत नाही. संरक्षण देणारा हात मात्र तो आधी विचारतो.

याचा परिणाम असा होतो की, किती तरी माणसे कागदावर हिंदू आणि रविवारी ख्रिस्ती राहतात. २०२४ मध्ये पुदुच्चेरीतील एका स्त्रीचा अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्राचा दावा सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला आणि केवळ लाभासाठी धर्म सांगणे ही संविधानाशी प्रतारणा आहे, असे म्हटले. असत्य बोलू नये, हे आम्हासही मान्य आहे. परंतु ज्या व्यवस्थेत खरे बोलणाऱ्याची भाकरी जाते, तिने असत्याबद्दल केवळ गरिबाला दोष द्यावा काय?

आपल्यांतील काही जण म्हणतील की, त्यांना वाटा दिला तर आपला वाटा कमी होईल. ही भीती खोटी नाही. तिची थट्टा करू नये. संख्या वाढली तर जागाही वाढल्या पाहिजेत, हे निक्षून मागितले पाहिजे. परंतु वाटा लहान होईल म्हणून हक्क नाकारावा, हा युक्तिवाद एकदा आपण मान्य केला, तर तो उद्या आपल्यावरही उलटेल. आणखी काही म्हणतील की, ख्रिस्ती संस्थांजवळ शाळा आहेत, दवाखाने आहेत, पैसा आहे. त्यांनी आपल्या लोकांना पाहावे. संस्थेजवळ इमारत असते म्हणून खेड्यातील शेतमजुराच्या चुलीवर भाकरी भाजली जात नाही. हक्क हा नागरिकाचा असतो; तो त्याच्या धर्मगुरूच्या तिजोरीवरून ठरत नाही.

शेवटी स्वतःच्या घराकडे वळावे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), जालना या भागांत एकाच कुळातील एक शाखा ख्रिस्ती आणि एक शाखा बौद्ध, अशी घरे आहेत. आजोबा एक, पूर्वीचा वाडा एक, सोसलेला अपमान एक. अशा घरांतून लग्नकार्यात ख्रिस्ती चुलत्याला आमंत्रण जाते काय? उद्या आपला मुलगा किंवा मुलगी येऊन म्हणाली की, मी ख्रिस्ताचा मार्ग पत्करीत आहे, तर आपण काय कराल? तिच्याशी वाद घाला. तिला ग्रंथ वाचावयास द्या. जातीविषयी चर्चला जे प्रश्न विचारावयाचे ते तिच्यासमोर स्पष्टपणे मांडा. तिच्या निर्णयाने आपल्याला दुःख झाले, तर तेही सांगा. परंतु घराचे दार लावू नका, ताट वेगळे करू नका, तिच्या मुलांना परके म्हणू नका. ज्या दिवशी आपण हे करू, त्या दिवशी श्रीपताला पंगतीत न घेणारे जे होते, त्यांच्या पंक्तीत आपण जाऊन बसू.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे. शिष्याने आपल्या श्रद्धेसाठी स्वतःहून जे सोसले, त्याचा आदर करावा. त्याने ते बायकामुलांवर लादले, तर त्याला जाब विचारावा. आणि जातीने, चर्चने किंवा सरकारने त्याच्यापासून जे हिरावून घेतले, ते परत मागण्यासाठी त्याच्या बाजूने उभे राहावे. मग तो आपल्या धर्माचा असो वा नसो. अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी न जोडता भोगाव्या लागणाऱ्या अस्पृश्यतेशी जोडावा, ही मागणी आपल्या सभांतून व ठरावांतून आपण स्वतः मांडली पाहिजे. चौतीस वर्षे जो दाराबाहेर उभा होता, त्याला दाराबाहेरची थंडी कोणी समजावून सांगावी लागत नाही.